असू दे, लागेल कधीतरी

संगणकाच्या जगात एक प्रश्न असा आहे, की त्याला ‘हो’ म्हटलं तर घात होतो आणि ‘नाही’ म्हटलं तर काम अडतं. तो विचारणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव पॅच. पुढे पर्ल भाषा निर्माण करणाऱ्या लॅरी वॉल यांनी तो १९८५ साली लिहिला, आणि तेव्हापासून इतरांनी केलेल्या दुरुस्त्या (त्यांनाही पॅचच म्हणतात) मूळ कोडमध्ये जागच्या जागी बसवायचं काम तो इमानेइतबारे करतो आहे. फक्त अधूनमधून थबकतो. समोर बॅशचं पॅकेज बांधायला बसलेला मेंटेनर असतो. बॅश म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप केलेली आज्ञा ऐकून घेणारी शेल, आणि मेंटेनर म्हणजे ती शेल एखाद्या लिनक्स डिस्ट्रोत नीट बसवून देणारा, बऱ्याचदा बिनपगारी, माणूस. बॅशची नवी आवृत्ती आलेली असते, अर्ध्या तासात उरकेल अशी त्याची भाबडी समजूत असते, आणि तेवढ्यात पॅच विचारतो, ‘हा पॅच उलटा दिसतोय, नाहीतर आधीच लावलेला असावा. उलटा समजून लावू?’ ‘नको.’ ‘मग आहे तसाच लावू?’ ‘नको रे बाबा.’ ‘बरं, सोडून देतो. जे बसलं नाही ते वेगळ्या फाइलीत ठेवलंय.’ ती फाइल सवडीनं बघायची असते, आणि सवड कुणाला झाली आहे? मेंटेनर पॅचच्या चार ओळी इकडच्या तिकडे करून तो कसाबसा पुन्हा बसवतो, पॅकेज बांधून होतं, आणि जो पॅच कायमचा जायला हवा होता त्याला आणखी एका आवृत्तीची मुदतवाढ मिळते. माझं म्हणणं असं, की या मुदतवाढीचा तंत्रज्ञानाशी फारसा संबंध नाही. हा माळ्याचा प्रश्न आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून कुकरचा सुटा दांडा निघतो. ‘हा कशाला ठेवलाय?’ असं कुणीतरी विचारतं. ‘असू दे, लागेल कधीतरी,’ असं उत्तर येतं आणि दांडा फडक्यानं पुसून परत वर जातो. कुकर मोडीत जाऊन बारा वर्षं झालेली असतात.

पॅच म्हणजे नक्की काय, हे समजायला जुन्या मराठी पुस्तकांतलं शुद्धिपत्रक आठवावं. ‘पान ४७, ओळ १२, “दिन” ऐवजी “दीन” वाचावे.’ पॅचच्या फाइलीत हेच असतं. कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीपाशी, वजाचं चिन्ह लावलेली जुनी ओळ काढा, अधिकचं चिन्ह लावलेली नवी घाला. जागा चुकू नये म्हणून वरच्या आणि खालच्या तीन-तीन ओळी ओळखीपुरत्या दिलेल्या. आता समजा, दुसरी आवृत्ती छापताना प्रकाशकाने ती चूक सुधारली, पण शुद्धिपत्रकांचा गठ्ठा शिल्लक होता म्हणून बाइंडरने तो याही आवृत्तीत चिकटवला. वाचक हसून पान उलटेल. पॅच प्रोग्रॅमला हसता येत नाही. त्याला पान ४७ वर ‘दिन’ सापडत नाही, ‘दीन’ सापडतो, आणि शंका येते की शुद्धिपत्रकच उलटं छापलंय की काय. तेव्हा तो वरचा प्रश्न विचारतो. घाईत ‘हो’ म्हणणारा मेंटेनर मूळ लेखकाने निगुतीनं काढलेली चूक तितक्याच निगुतीनं परत घालतो. त्याहून बेरकी प्रकार फझचा. नव्या आवृत्तीत मजकूर मागेपुढे सरकलेला असला तर पॅच आसपास शोधतो, ओळखीच्या सगळ्या ओळी जुळल्या नाहीत तर कडेच्या एक-दोन सोडून देतो, आणि साधारण तशाच दिसणाऱ्या जागी दुरुस्ती बसवून ‘फझ २ सह बसला’ एवढंच पुटपुटतो. जोशी वाड्यात सापडले नाहीत, शेजारच्या वाड्यातही एक जोशी होते, त्यांच्याकडे मनिऑर्डर दिली, असा हा पोस्टमन. पैसे पोचल्याची पावती आपल्याकडे असतेच, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

या शुद्धिपत्रकांची चळत सांभाळायला डेबियन या लिनक्स डिस्ट्रोत जे अवजार वापरतात त्याचं नाव क्विल्ट, म्हणजे सरळ मराठीत गोधडी. नाव ठेवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी. एका फाइलीत पॅचची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात, त्या क्रमाने ते चढवायचे आणि उलट्या क्रमाने उतरवायचे. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, मधलं विरलेलं लुगडं बदलायचं म्हटलं तर ती हात जोडेल, कारण वरचे सगळे टाके त्या विरलेल्या लुगड्यातूनच गेलेले असतात. इथेही तेच. सातव्या पॅचने ज्या ओळी ओळखीच्या म्हणून दाखवलेल्या असतात त्या मुळात चौथ्या पॅचने घातलेल्या असतात. चौथा निरुपयोगी झाला म्हणून उपसला, की सातवा लोंबकळायला लागतो, सातव्यावर टेकलेला नववा खाली येतो, आणि एक ठिगळ काढायला बसलेला माणूस तीन नवी घालून उठतो. काढणं अवघड आहे हे मी नाकारत नाही. अवघड आहे म्हणून राहिलं, असं जे सांगितलं जातं ते मात्र मला पटत नाही. लावणं काय सोपं होतं? तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले चालले होते.

बॅशचा जन्म १९८९चा. ब्रायन फॉक्स यांनी ती ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिली आणि स्टीफन बोर्न यांच्या जुन्या बोर्न शेलवर कोटी करून तिचं नाव ‘बोर्न अगेन शेल’ ठेवलं. पुनर्जन्म म्हटला की पूर्वसंचित आलंच. गेली तीस-एक वर्षं तिची देखभाल अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे चेट रॅमी करत आहेत, आणि त्यांची शिस्त अशी की जुन्या काळच्या मामलेदाराने फेटा उतरवावा. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक अधिकृत पॅचला अनुक्रमांक असतो, आणि पॅचच्या शेवटी एक छोटीशी दुरुस्ती असते ती फक्त बॅशच्या पोटातला पॅचचा आकडा एकाने वाढवते. पंचविसावा पॅच लावल्याशिवाय सव्विसावा सुखासुखी बसत नाही. ४.२ या आवृत्तीला असे ५३ पॅच आले, ४.३ ला ४८, ४.४ ला २३. पुढची आवृत्ती निघाली की हे सगळे तिच्यात विरघळतात. जानेवारी २०१९ मध्ये ५.० आली आणि ४.४ चे तेवीसच्या तेवीस पॅच एका दिवसात सेवानिवृत्त झाले, ना शाल ना श्रीफळ. त्यांना काढायला धैर्य लागत नाही, कारण त्यांच्या कपाळावर जन्मतारीख लिहिलेली असते. घोळ आहे तो घरगुती पॅचचा, म्हणजे डिस्ट्रोवाल्यांनी आपल्या सोयीसाठी स्वतः शिवलेल्या ठिगळांचा. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोच्या बॅश पॅकेजात बॅश पाचव्या मालिकेत पोचल्यावरही नावात २.०३ हा आकडा मिरवणारे पॅच होते, आणि २.०३ ही गेल्या शतकातली आवृत्ती. हे नाव वाचून कुणालाही वाटेल की सापडली अडगळ, घाला केरात. पण इथे जरा दमानं घ्यावं लागतं. त्यातला एक पॅच आज्ञा कुठल्या कप्प्यांत शोधायच्या याबद्दलची त्या डिस्ट्रोची आवडनिवड सांगतो. आवडनिवड शिळी होत नाही. म्हणजे वय हा निकष नव्हे. आजोबांचं घड्याळ जुनं असतं पण चालतं, आणि गेल्या वर्षीचा चार्जर नवाकोरा असूनही त्याचा फोन आता घरात नसतो.

मग निकष कोणता? एकच: ज्या कारणासाठी पॅच लावला ते कारण अजून हयात आहे का? आणि इथेच सगळं घोडं पेंड खातं, कारण ते कारण कुणालाच आठवत नसतं. डेबियनमध्ये पॅचच्या डोक्यावर माहिती लिहायची चांगली पद्धत आहे. पॅच कशासाठी आहे, कुठून आला, मूळ लेखकाकडे पाठवला का, शेवटचा कधी पाहिला, अशा रकान्यांची. रकाने उत्तम आहेत. पण माणसाचा स्वभाव असा की लावताना कारण इतकं ढळढळीत वाटतं की लिहायची गरज भासत नाही. म्हणून रकान्यात ‘बिल्ड दुरुस्त’ एवढंच असतं, आणि पाठवला का या रकान्यात ‘नाही’. कुठलं बिल्ड, कुठल्या मशीनवर, कुठल्या जन्मी? डब्यावर ‘पीठ’ असं लिहून ठेवणाऱ्या गृहिणीला आपण नावं ठेवतो, की अगं, कशाचं? इथे अख्ख्या फळीवर पिठाचे चाळीस डबे असतात. लेखकांनी यावर हसावं असंही नाही. मसुद्यातून उडवलेली वाक्यं पानाच्या तळाशी ‘पुढे कुठेतरी वापरू’ म्हणून साठवणारी आमची जमात. ती वाक्यं पुढे कुठेही बसत नाहीत, आणि जिथे बसतात तिथे फझसह बसतात. हा लेखही त्यातून सुटलेला नसावा.

आता पहिला आक्षेप. ‘असेना का पॅच, खातोय काय?’ घरच्या पेइंग गेस्टबद्दलही लोक सुरुवातीला हेच म्हणतात. निरुपयोगी पॅच गप्प पडून राहिला असता तर माझी हरकत नव्हती, पण तो दर आवृत्तीला उठतो आणि आपल्याला नव्यानं बसवून मागतो. शिवाय घरचा आणि मूळचा असे दोन उपाय एकाच दुखण्यावर शेजारी नांदू लागले की काय होतं, याचा मोठा दाखला २०१४ सालच्या शेलशॉक या बॅशमधल्या सुरक्षादोषात सापडतो. बॅशमध्ये १९८९ पासून एक सोय होती. एका बॅशने दुसऱ्या बॅशला साध्या व्हेरिएबलमध्ये गुंडाळून अख्खं फंक्शन पाठवायचं. घेणारी बॅश ती चिठ्ठी वाचायची, फंक्शन संपलं तरी थांबायची नाही, आणि खाली कुणी ‘जाता जाता तिजोरीही उघडा’ असं लिहिलेलं असलं तर तेही निमूटपणे पार पाडायची. स्टेफान शाझलास यांनी ही खोड शोधली आणि २४ सप्टेंबरला ती जाहीर झाली. त्या दिवसापासून ५ ऑक्टोबरपर्यंत ४.३ साठी २५ ते ३० असे सहा अधिकृत पॅच निघाले, कारण पहिला पुरा पडला नाही म्हणून दुसरा, दुसरा पुरा पडला नाही म्हणून तिसरा, शिवाय पार २.०५बी पर्यंतच्या म्हाताऱ्या आवृत्त्यांसाठी वेगळे. तिसऱ्यात खरी युक्ती होती: पाठवायच्या फंक्शनच्या नावाला ठरावीक उपसर्ग आणि प्रत्यय लावायचा, म्हणजे भलती चिठ्ठी ओळखू येते. पण काही डिस्ट्रोंनी धीर न धरता तीच युक्ती आधी घरी शिवली होती. घरच्या ठिगळात नावामागे कंसांची जोडी, अधिकृत ठिगळात दोन टक्केचिन्हं. दोन्ही सुरक्षित, दोन्ही बरोबर, आणि एकमेकांना अनोळखी. जिथे अशी दोन गावची मशीनं एकत्र कामाला जुंपलेली होती तिथे दर आज्ञेगणिक ‘फंक्शनची व्याख्या आयात करताना चूक’ असं रडगाणं सुरू झालं. सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही वैद्यांचा काढा एकदम घेतल्यावर दुसरं काय व्हायचं! अधिकृत औषध आलं त्या दिवशी घरचा काढा ओतून द्यायला हवा होता. पण तो चालत होता ना, मग असू दे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. ‘काढलं आणि काही मोडलं तर?’ या आक्षेपात एक बारीक हिशेब दडलेला आहे. पॅच ठेवला आणि त्यातून काही बिघडलं, तर दोष परंपरेचा. पॅच काढला आणि बिघडलं, तर दोष काढणाऱ्याचा, आणि त्याचं नाव तारखेसकट नोंदलेलं. या हिशेबात शहाणा माणूस पॅच काढणार नाही, जसा शहाणा कारकून एकही जुनी फाइल नष्ट करणार नाही. भीतीला आधारही दाखवतात, डेबियनमधल्या ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. सप्टेंबर २००६ मध्ये मेमरी तपासणाऱ्या एका अवजाराची कुरकुर थांबावी म्हणून तिथे दोन ओळी गाळल्या, आणि त्याबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी अनिश्चितताच जवळपास नाहीशी झाली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी उरल्या फक्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये ते उघडकीस आलं तेव्हा जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. ‘बघा,’ असं म्हणतात, ‘ओळी काढण्याचे हे परिणाम!’ पण पुरावा जरा जवळून बघा. त्या ओळी काढल्या कोणी? एका घरगुती पॅचने. आणि तो पॅच वीस महिने तिथे बसून राहिला कसा? पहिल्यांदा लावल्यावर ‘हा अजून का आहे?’ असं त्याला नेटानं कुणी विचारलं नाही म्हणून. म्हणजे साक्षीदार आणला आक्षेप घेणाऱ्याने आणि साक्ष दिली माझ्या बाजूने.

मला खरा अडचणीत आणणारा दाखला वेगळाच आहे, आणि तो मी लपवत नाही. बेल लॅब्जमध्ये डेव्हिड कॉर्न यांनी लिहिलेली कॉर्न शेल १९८३ पासूनची. तिच्या कोडचा माळा इतका भरला होता की काही उत्साही मंडळींनी पदर खोचून तो एकदाचा रिकामा करायला घेतला. एका प्रायोगिक आवृत्तीवरून निघाले, जुन्या सोयी झाडून काढल्या आणि २०२० हा आकडा नावात घेतलेली नवी शेल बाहेर आणली. माळा लख्ख झाला, पण खाली राहणाऱ्यांची पाण्याची टाकीही गेली. तक्रारी इतक्या झाल्या की मूळ कोड ज्यांच्या ताब्यात होता त्या एटी अँड टीने ते सगळं मागे घेतलं आणि गाडी पुन्हा २०१२ सालच्या स्थिर आवृत्तीवर नेऊन उभी केली. इथे विरोधक टाळ्या वाजवतील. वाजवू द्या, पण पुढे काय झालं तेही ऐका. त्या २०१२च्या आवृत्तीवरून दुसरं काम सुरू झालं, आणि त्या मंडळींनी रेड हॅट, ओपनसुसे, सोलारिस अशा ठिकठिकाणच्या पॅकेजांत वर्षानुवर्षं साठलेले घरगुती पॅच एकेक करून हातात घेतले, प्रत्येकाला ‘तू कशासाठी?’ असं विचारलं, योग्य ते मूळ कोडमध्ये शिवून टाकले. तेव्हा कॉर्न शेल पुन्हा चालायला लागली. माळा काढायचाच तर वस्तू एकेक हातात धरून. डोळे मिटून सगळं खिडकीतून फेकणारा आणि काहीच न फेकणारा, दोघांनाही एकच गोष्ट नको असते, ती म्हणजे हातातल्या वस्तूकडे नीट बघणं.

तिसरा उपाय ॲपलने करून दाखवला, तो म्हणजे मुक्काम हलवायचाच नाही. बॅश ४.० पासून परवान्याच्या अटी बदललेल्या, त्या मानवेनात, म्हणून मॅकवर २००६ची ३.२ तशीच ठेवली, शेलशॉकचं ठिगळही तिच्यावरच मारलं, आणि २०१९ मध्ये नव्या लोकांपुढे झेडशेल मांडली. घर बदललं नाही तर माळा आवरावा लागत नाही, हे खरंच आहे.

उरला प्रश्न मोबदल्याचा. पॅच लावणाऱ्याचं नाव पॅचच्या डोक्यावर असतं. काढणाऱ्याच्या वाट्याला बदलांच्या यादीत एक ओळ येते, ‘मूळ कोडमध्ये आलेले पॅच काढले’, आणि त्याचं काम जितकं चोख तितकं कुणाच्या ध्यानात येत नाही. मोरी तुंबली की गल्लीला कळतं, वाहत्या मोरीकडे कोण बघतो! या बाबतीत मूळ लेखकही तुमच्याआमच्यातलेच. सी भाषेचं पहिलं प्रमाण ठरलं १९८९ मध्ये, त्याच वर्षी जन्मलेल्या बॅशने त्या प्रमाणाआधीच्या कंपायलरांसाठीची सोय २०२५ सालच्या ५.३ आवृत्तीपर्यंत सांभाळली. छत्तीस वर्षं माळ्यावर चूल, गॅस आल्यावरही. ती चूल अखेर खाली उतरली, फंक्शनांच्या सुरुवातीच्या ओळी नव्या वळणाने लिहिल्या गेल्या, आणि ज्या घरगुती पॅचना त्या जुन्या ओळी ओळखीच्या खुणा म्हणून हव्या होत्या त्यांचा आता पत्ताच हरवला. म्हणजे आज ना उद्या कुठल्यातरी मेंटेनरपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार, ‘उलटा समजून लावू?’ समजा, या वेळी त्याने खरोखर मन घट्ट केलं. पॅच उघडून वाचला, मूळ कोड शेजारी ठेवला, कारण संपलंय याची खात्री केली. ‘काढला का?’ असं सहकाऱ्याने विचारलं. ‘काढला.’ ‘फाइल पुसलीस?’ ‘पुसली नाही अजून. यादीतल्या नावापुढे फक्त एक कॉमेंटचं चिन्ह टाकलंय. जुनं सगळं गिटमध्ये आहे म्हणा, तरी असू दे.’